माळ्यावरच्या व्हिडिओ गेमची नोंद करताना

प्रिय पोरी,

तुझे फोटो आले, सगळे मोठे करून बघितले. खानापूरच्या मामाच्या माळ्यावर ही पेटी सापडली आणि तू ती विकायला न काढता नोंद करायला बसलीस, ह्याचा मला खरंच लई आनंद झाला. आपल्या भागात जुनी भांडी, नाणी, पोथ्या जपणारी माणसं आहेत, पण नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम म्हटलं की सरळ भंगारवाल्याच्या गाड्यावर जातंय. माझी उभी हयात टीव्ही रिपेअरीत गेली, त्यामुळं ह्या वस्तू आतून कशा असतात ते मला माहीत आहे, तेवढं तुला सांगतो.

सगळ्यात आधी, कशालाच करंट देऊ नको. फोटोत दोन अ‍ॅडाप्टर दिसालेत आणि त्यातला कुठला कशाचा हे आत्ता कुणी सांगू शकत नाही. निन्टेन्डो ह्या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम मशीनचा अ‍ॅडाप्टर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअँपिअरचा, पिनच्या आतल्या बाजूला निगेटिव्ह, आणि तो मुळात त्यांच्याकडच्या १०० व्होल्टच्या लाईनीसाठी केलेला, आपल्या २३० ला लावला की जळालाच म्हणून समज. त्याच कंपनीचा अमेरिकेतला एनईएस, त्याचा अ‍ॅडाप्टर ९ व्होल्ट एसी देतो, डीसी नाही! सेगा ह्या दुसऱ्या कंपनीच्या मेगा ड्राइव्ह मशीनचं तर पहिल्या मॉडेलला आत निगेटिव्ह आणि दुसऱ्या मॉडेलला आत पॉझिटिव्ह. ह्यातल्या बऱ्याच पिना एकमेकांच्या भोकात आरामात बसतात, बसली म्हणजे चालते असं अजिबात नाही. म्हणून अ‍ॅडाप्टरच्या पाठीवर जे छापलंय ते सगळं उतरवून घे, ते प्लस-मायनसचं छोटं चित्र असतंय ते पण काढ, आणि मीटर असलेल्या कुणाला तरी बरोबर घेऊन व्होल्टेज मोज. जुन्या वजनदार ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅडाप्टरला लोड नसताना ९ च्या जागी १२-१३ दाखवतंय, तो बिघाड नाही, पण जो आकडा दिसला तो लिहून ठेव.

आता तुझ्या यादीकडं येतो. पहिल्याच ओळीत तू "निन्टेन्डो, १९८३" लिहिलंयस. फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आला, १४,८०० येनला, हे बरोबर. पण तुझ्या पेटीतली वस्तू ती नाही, आणि हे फोटोवरूनच कळतंय. १९८३ च्या खऱ्या फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट वायरनं मशीनलाच कायमचे जोडलेले असतात, काढता येत नाहीत, आणि दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्टची बटणंच नसतात, त्या जागी छोटा माईक असतो. तुझ्या मशीनला पुढं ९ पिनांचे दोन सॉकेट आहेत, रिमोट निघतात, आणि त्यावर टर्बोची जादा बटणं आहेत. म्हणजे हा फॅमिकॉमचा क्लोन, दुसऱ्या कुणी केलेली नक्कल. वाईट वाटून घेऊ नको. आपल्या बेळगावात, निपाणीत, चिकोडीत पोरं ज्याच्यावर खेळली ते बहुतेक हेच होतं, कुणाकडं समुराई, कुणाकडं मीडिया, कुणाकडं नुसतं तैवानचं काहीतरी. क्लोन म्हणून नोंदलास तर ती खरी नोंद होईल, आणि माझ्या मते आपल्याकडच्या क्लोनची खरी नोंद जपानी फॅमिकॉमच्या आणखी एका नोंदीपेक्षा जास्त मोलाची आहे, कारण फॅमिकॉमबद्दल जगानं लिहून ठेवलंय, ह्याच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

म्हणून यादीत दोन वेगळे रकाने कर. एकात फक्त जे डोळ्याला दिसतंय ते, छापलेली अक्षरं, रंग, मापं, पिना, तडे. दुसऱ्यात तुझा अंदाज, आणि त्याच्या पुढं तो अंदाज कशावरून बांधला ते. हे दोन कधीही मिसळू नको. उद्या अंदाज बदलला तरी पहिला रकाना तसाच राहतो. मशीनच्या बाहेरच्या डब्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नको, टर्मिनेटर नावाचा क्लोन बघितलास तर बाहेरून सेगा मेगा ड्राइव्ह आणि आत फॅमिकॉमच, पुढं तर प्लेस्टेशनच्या आकाराच्या डब्यातसुद्धा हेच घालून विकलं.

खरं काय ते आतला सर्किट बोर्ड सांगतोय. खालचे स्क्रू काढ, प्रत्येक स्क्रू कुठल्या भोकातला ते कागदावर चिकटवून ठेव, बोर्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. मोठ्या दोन चिप दिसल्या आणि त्यावर यूएमसी ह्या तैवानी कंपनीचं यूए६५२७ आणि यूए६५३८ असलं काही असेल तर तो तैवानी चिपांचा जुना, चांगला क्लोन. नुसता काळा डांबरासारखा ठिपका असेल तर सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं, तो बहुतेक नंतरचा. शेजारी चकचकीत डबीसारखा क्रिस्टल असतोय, त्यावर २१.४७७ असेल तर ते अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीचं, २६.६०१ असेल तर आपल्याकडच्या पाल (PAL) पद्धतीच्या टीव्हीसाठी केलेलं. आणि वर्षासाठी चिपवरचे चार आकडे बघ. ९२३१ असेल तर १९९२ सालचा एकतिसावा आठवडा. सगळ्या चिपांमधला सगळ्यात उशिराचा आकडा घे, मशीन त्याच्या आधी जोडलेलं असू शकत नाही. नंतर किती हे त्यावरून कळत नाही, म्हणून तारखेच्या रकान्यात "१९९२ किंवा नंतर" असंच लिही, "१९९२" नाही.

नंतरचं कळायला बिल लागतंय. पेटीच्या तळाशी वॉरंटी कार्ड किंवा दुकानाचं चिठोरं असेल तर ते मशीनइतकंच जपून ठेव. शिक्का इंग्रजीत असेल, बिल मराठीत असेल, कुठं कानडीत असेल, जे ज्या लिपीत आहे ते त्याच लिपीत उतरव, भाषांतर हवं तर खाली वेगळं दे. शिक्क्यात बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग असेल तर तेच राहू दे, नाव सरकारी कागदावर बदललं ते १ नोव्हेंबर २०१४ ला, त्यामुळं शोधणाऱ्याला सापडावं म्हणून बेळगाव, बेलगाम, बेळगावी तिन्ही शोधशब्द टाक. फोन नंबर किती आकडी आहे ते पण बघ, त्यावरून सुद्धा काळ लागतोय.

आणि मामाला विचार. मशीन बेळगावच्या खडेबाजारात घेतलं, गोव्याहून आणलं की गल्फमधल्या कुणी पाठवलं, टीव्ही कुठला होता, ब्लॅक अँड व्हाइट की कलर, गल्लीतली पोरं खेळायला येत होती का, गेमच्या कॅसेट भाड्यानं आणायचे की अदलाबदल करायचे. मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि मामाचे शब्द आहेत तसे लिही. हे काम सगळ्यात आधी कर, बोर्ड अजून दहा वर्षं तसाच राहील पण माणसाची आठवण तशी राहत नाही.

बाकीच्या सामानाला प्रत्येकी स्वतंत्र नंबर दे. २०२५.१ ही पेटी असेल तर मशीन २०२५.१.१, रिमोट २०२५.१.२ आणि २०२५.१.३, असं पुढं. "रिमोट दोन नग" असं एका ओळीत लिहू नको, एकाचं बटण बसलेलं असतंय, दुसऱ्याची वायर कुणी काळ्या टेपनं जोडलेली असते, आणि ती टेप पण नोंदव, काढू नको. ९ पिनांचा सॉकेट अटारीच्या आणि सेगाच्या रिमोटलाही असतो, पण आतली वायरिंग वेगळी, तेव्हा बसतोय म्हणून लावून बघू नको.

टीव्हीवर नेम धरायच्या खेळातल्या गनच्या पुढं तू "बंद" लिहिलंयस. कशावर बघितलीस? आत्ताच्या एलसीडी टीव्हीवर ती चालणारच नाही. डक हंट (१९८४) सारख्या गेममध्ये ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला सेन्सर तो उजेड बघतो, हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेलं आहे. एलसीडीत चित्र उशिरा येतंय. तेव्हा "ट्यूबच्या टीव्हीवर तपासलेली नाही" असं लिही.

कॅसेटवर "९९९९९९९ इन १" असेल तर लेबलवरचं लेबलच्या रकान्यात टाक आणि चालू झाल्यावर मेन्यूची सगळी पानं फोटो काढून खरे वेगळे गेम किती ते मोज. बऱ्याचदा तोच मारिओ वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून वेगळ्या नावानं भरलेला असतोय, काँट्रा तीस लाईफवाला आणि साधा असा दोनदा. पिनांवर तोंडानं फुंकू नको, तोंडातल्या वाफेनं गंज चढतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापर.

पिवळं पडलेलं प्लास्टिक पेरॉक्साइडनं पांढरं करायच्या नादाला लागू नको, निदान नोंद आणि फोटो पुरे होईपर्यंत तरी. नंबर थेट प्लास्टिकवर लिहू नको, म्युझियममध्ये वार्निशचा थर देऊन लिहितात पण त्यातलं अ‍ॅसिटोन असलं प्लास्टिक विरघळवतंय, सुती नाडीला कागदी टॅग बांध. रबरबँड काढून टाक. वायरी मशीनभोवती गुंडाळून ठेवू नको आणि थर्मोकोलला लावू नको, वायरीतला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येऊन प्लास्टिकला खातो, थर्मोकोलमध्ये तर वायर रुतून बसते. प्रत्येक वायर वेगळ्या कागदात ठेव. तुमच्याकडचा पाऊस तुला सांगायला नको, सिलिका जेलच्या पुड्या घाल आणि पेटी भिंतीला टेकवून ठेवू नको.

आता एवढंच कर की बोर्डाचे फोटो फूटपट्टी शेजारी ठेवून काढ आणि पाठव, फ्लॅश नको, चिपवरची अक्षरं तिरक्या उजेडात चांगली दिसतात. आणि तो जो चपटा छोटा डबा आहे, टीव्ही-गेम असा स्विच असलेला, त्याच्या मागच्या बाजूचा फोटो राहिलाय, तो पण पाठव.

तुझा,
काका