वाचकांचे प्रश्न : नेम चुकला, आता?

प्रश्न : आषाढी एकादशीला पाणी सोडून संकल्प केला, की कार्तिकीपर्यंत ज्ञानेश्वरी पूर्ण वाचायची आणि रोज त्रयोदशाक्षरी मंत्राच्या ११ माळा करायच्या. महिनाभर ठीक चाललं. मग ६ दिवस तापात गेले, लागोपाठ भावकीत १० दिवसांचं सुतक आलं. वाचन थांबलं, १७६ माळा थकल्या. रोज दुप्पट करायला गेलो तर तेही जमेना. पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरू करू का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नको. पोथीत खूण आहे तिथून पुढची ओवी वाचा. सप्ताहाचं पारायण वेगळं, तिथे त्या दिवसाचा भाग त्याच दिवशी संपवायचा असतो. चार महिन्यांच्या नेमात खाडे पडणारच.

नेम बुडतो तो खाड्याने नव्हे, थकबाकीने. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ म्हणायला ३ सेकंद धरले तर एक माळ साडेपाच मिनिटांची, ११ माळांना तास. दुप्पट म्हणजे दोन तास, वर वाचन. नोकरी-संसारातल्या माणसाला हे तीन दिवस जमतं, चौथ्या दिवशी तो देवघराकडे बघायचंच टाळतो. तेव्हा त्या १७६ माळा सोडून द्या.

वाचनाचा हिशेब मात्र नव्याने मांडा. ओव्या सुमारे ९ हजार. महिनाभरात २,३०० झाल्या असतील तर ६,७०० उरल्या. हातात ७० दिवस असतील तर रोज १०० वाचून ६७ दिवसांत संपतात, तीन दिवस शिल्लक. मोठ्याने, स्वच्छ वाचायला वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्याला एक अध्याय अशी वाटणी करू नका. बारावा अडीचशे ओव्यांच्या आत संपतो, अठरावा अठराशेच्या वर जातो. असे वाचक ऐन कार्तिकीच्या तोंडावर अठराव्यात अडकतात.

माळा ११ झेपत नसतील तर येत्या एकादशीला देवापुढे बसून स्पष्ट सांगा, ‘आजपासून ३.’ गुपचूप कमी केलेला नेम दर आठवड्याला आणखी आक्रसतो. चुकीला जागा परंपरेनेच ठेवली आहे : माळ १०८ मण्यांची, पण जप धरायचा १००. वरचे ८ कशासाठी? उच्चार चुकला, मन भरकटलं, त्यासाठी.

सुतकात पोथी बंद ठेवण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. जपाचं तसं नाही, वारकरी नामाला सोवळं-ओवळं मानत नाहीत. देवघरातली माळ घ्यायची नसेल तर अंगठ्याने चार बोटांची १२ पेरं मोजा. ९ फेऱ्यांत १०८ होतात. तापात पडल्या पडल्याही जमतं, आणि अशा दिवशी एकच माळ झाली तरी चालेल.

प्रश्न : श्रावणी सोमवारी सकाळी विसरून चहाबरोबर खारी खाल्ली. उपवास मोडला, मग दुपारी जेवूनच घेतलं. बदली मंगळवार करावा का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खारी विसरून खाल्लीत, जेवण समजून-उमजून. आठवलं तिथून उपवास पुढे धरायचा होता आणि संध्याकाळी नेहमीसारखा सोडायचा होता. मंगळवार नको, पुढचा सोमवार धरा. रविवारी रात्री खारीचा डबा वरच्या फळीवर ठेवा.