मोटरहोमने फ्रान्स फिरताना ल्वार खोऱ्यातलं किल्ल्याचं एकच गाव पाहायचं तर कोणतं?

आंब्वाज. आणि तिथे दोन रात्री राहा.

तुम्ही लिहिलंय की सोबत सत्तरीचे आई-वडील आहेत, गाडी सात मीटर लांब आहे आणि शांबोर, ब्ल्वा, शनोन्सो हे तीन किल्ले एकाच दिवसात उरकायचा विचार आहे. तसं करू नका, जीव दमेल आणि हाती फक्त फोटो लागतील. शांबोर भव्य आहे, पण तो जंगलातला एकटा महाल आहे. आंब्वाजला किल्ल्याच्या पायथ्याशी नांदतं गाव आहे.

गाडीचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. ल्वार नदीच्या मधोमध 'इल द'ऑर' नावाचं बेट आहे, तिथेच कॅम्पसाइट आणि शेजारी मोटरहोमचा तळ आहे. कॅम्पसाइट हंगामीच चालते, तेव्हा आधी तारखा बघा. पूल ओलांडला की गाव, त्यामुळे गाडी पुन्हा हलवावी लागत नाही. गावात पार्किंग शोधत फिरू नका, कारण अनेक पार्किंगच्या तोंडाशी उंची अडवणारी आडवी दांडी असते. टोलचंही ध्यानात ठेवा: साडेतीन टनांपर्यंतची, दोन ते तीन मीटर उंचीची गाडी दुसऱ्या वर्गात जाते. छतावरच्या एसीमुळे उंची तीन मीटरला पोचली तर तिसऱ्या वर्गाचा टोल पडतो.

संध्याकाळी बेटाच्या काठावरून समोर बघा, म्हणजे किल्ला इथेच का उभा राहिला ते कळेल. बेटामुळे नदी ओलांडणं सोपं होतं आणि कड्यावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती नदी ओलांडायची ही जागा.

आत गेल्यावर माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे अर्तो बुरूज. त्यात पायऱ्या नाहीत. घोडे आणि गाड्या थेट वरच्या अंगणापर्यंत जाव्यात म्हणून आतून गोल फिरत जाणारा रुंद चढ बांधलाय. आई-वडिलांना तो सावकाश उतरू द्या आणि कमानींच्या टोकांवर कोरलेले चेहरे बघायला सांगा. हे काम फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याच्या काळात सुरू झालं. इटलीच्या मोहिमेवरून परतताना त्याने तिथले कारागीर सोबत आणले होते. तो जन्मला याच किल्ल्यात, आणि १४९८ मध्ये इथेच एका ठेंगण्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटून गेला.

किल्ल्याचा मोठा भाग १९व्या शतकाच्या सुरुवातीला पाडला गेला. लिओनार्दो दा विंचीला जिथे पुरलं होतं ते चर्चही त्यात गेलं. नंतर सापडलेल्या अस्थी आता सेंट ह्युबर्टच्या छोट्या चॅपेलमध्ये आहेत. त्या लिओनार्दोच्याच असाव्यात असं मानलं जातं, सिद्ध झालेलं नाही. मला तरीही तिथे थांबावंसं वाटतं. राजा पहिल्या फ्रान्स्वाच्या बोलावण्यावरून लिओनार्दो १५१६ मध्ये आला आणि २ मे १५१९ रोजी क्लो ल्युसे या घरात वारला. ते घर किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. वाटेत कड्यात कोरलेली घरं लागतात, ती चुकवू नका.

किल्ल्याच्या बागेत एका बाजूला मुस्लिम कबरी दिसतील. फ्रेंचांशी लढलेला अल्जीरियाचा नेता अमीर अब्देलकादर १८४८ ते १८५२ इथे परिवारासह कैदेत होता आणि सोबतची काही माणसं इथेच दगावली. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही जा.

जमलं तर मुक्कामात रविवार धरा, नदीकाठी मोठा बाजार भरतो. तिथे मधोमध गवताची काडी असलेलं लांबट बकरीचं चीज मिळतं, सेंत-मोर द तुरेन. घ्या आणि गाडीत ताज्या पावासोबत खा.

शनोन्सो इथून साधारण १२-१५ किलोमीटरवर आहे, तिसऱ्या दिवशी पुढे निघताना सकाळी लवकर करा. शांबोर यावेळी सोडलं तरी चालेल.