जंतू गेले, मग हे काय उपटलं?

गेल्या अंकातल्या सांधेदुखीच्या लेखावर बरीच पत्रं आली. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते अशा आजारांशी संबंधित पाच इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, लांबलेली पत्रं कापली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिचा घसा दुखत होता, ताप होता. चार दिवसांत औषधाविना बरी झाली. तीनएक आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतोय तोच दुसऱ्या पायाचा घोटा. डॉक्टरांनी ऱ्हुमॅटिक फीवर सांगितला आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं. आता ती धावते, खेळते. घशाच्या तपासणीत जंतू सापडला नाही. जंतू नाही, दुखणं नाही, तरी सुई का टोचायची? इंजेक्शनच्या दिवशी ती सकाळपासून रडते. आणि इतकी वर्षं अँटिबायोटिक दिल्यावर पुढे ते लागू पडेल का?

उत्तर : इंजेक्शन बंद करू नका. कारणं पुढे सांगते, पण एवढं आधी पक्कं करून टाका.

घशातला तो जंतू म्हणजे 'अ' गटातला स्ट्रेप्टोकॉकस. त्याच्या अंगावर एम नावाचं प्रथिन असतं. शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, लढाऊ पेशी तयार करतं. यात काहीच गैर नाही. पण या प्रथिनाचा काही भाग आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिनशी मिळताजुळता असतो. त्यामुळे काही थोड्या मुलांत तीच फौज हृदय, सांधे, कधी मेंदू यांच्याकडे वळते. ती उभी राहायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर घसा बरा झालेला असतो, म्हणूनच तपासणीत जंतू मिळाला नाही. मेंदूकडचा प्रकार तर कधी कधी काही महिन्यांनी येतो : हातपाय आपसूक हलतात, अक्षर बिघडतं, हातातल्या वस्तू पडतात. बिचारी पोरं आधी त्यापायी बोलणी खातात आणि मग दवाखान्यात येतात.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच वैद्य लासेग म्हणून गेला की हा आजार सांध्यांना नुसता चाटतो, पण हृदयाला चावतो. सांधे पूर्ण बरे होतात, अगदी तुमच्या मुलीचे झालेत तसे. हृदयाच्या झडपांचं तसं नसतं. आजाराच्या प्रत्येक नव्या झटक्यात त्या आणखी जाड होतात, आखडतात, गळू लागतात. आणि ज्याला हा आजार एकदा झाला त्याच्या घशात पुन्हा स्ट्रेप्टोकॉकस शिरला, तर पुन्हा झटका येण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असते. घसा फारसा दुखला नाही तरीही. म्हणजे हे इंजेक्शन गेलेल्या जंतूसाठी नाही. पुढे येईल त्याला घशात बस्तान बसवू न देण्यासाठी आहे.

किती वर्षं? हृदयाला काहीच झालं नसेल तर शेवटच्या झटक्यापासून ५ वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, यांपैकी जे लांब असेल ते. हृदयाला सूज येऊन गेली पण झडप धड राहिली, तर १० वर्षं किंवा २१ वय. झडप कायमची बिघडली असेल तर १० वर्षं किंवा ४० वय, कधी कधी जन्मभर. वेगवेगळ्या देशांच्या नियमांत थोडाफार फरक असतो, पण तुमच्या मुलीला कुठल्याही हिशोबाने वयाच्या अठरापर्यंत तरी ते घ्यावं लागेल. तुमच्या पत्रात इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, उल्लेख नाही. झाला नसेल तर करून घ्या. स्टेथोस्कोपला ऐकू न येणारी झडपेची गळती इकोत दिसते, आणि वरच्या तीन गटांतला मुलीचा गट कोणता हे त्यावरच ठरतं.

औषध बोथट होण्याची भीती इथे नको. पेनिसिलिन वापरात येऊन ८० वर्षं होऊन गेली, तरी हा जंतू त्याला पुरून उरलेला नाही. जंतूंच्या जगात हे नवलच म्हणायचं.

रडण्याबद्दल. इंजेक्शन खरंच दुखतं, मुलीला 'काही होत नाही' असं सांगू नका. फ्रीजमधली कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, टोचण्याच्या जागी आधी दहा सेकंद अंगठ्याने दाबून धरावं, औषध सावकाश सोडावं. डॉक्टरांना योग्य वाटलं तर त्यात बधिर करणारं लिडोकेनही मिसळता येतं. हे नर्सबाईंना मोकळेपणाने सांगा, त्यात संकोच कसला? दुखतं म्हणून तारखा टळतात, आणि झटका नेमका त्या चुकलेल्या तारखांमध्ये येतो.

प्रश्न : माझ्या भावाला जुलाब झाले, बरेही झाले. दहा दिवसांनी पायांना मुंग्या, मग पायातली ताकद गेली, मग हातांतली. डॉक्टर म्हणाले, गियाँ-बारे सिंड्रोम, प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटते तो आजार. काही दिवस व्हेंटिलेटरवर होता, आता आधाराने चालतो. जुलाबांच्या वेळीच अँटिबायोटिक दिलं असतं तर हे टळलं असतं ना? तेव्हा मीच 'नको' म्हटलं होतं.

उत्तर : टळलं असतं असा पुरावा नाही. तुम्ही स्वतःला दोष देणं सोडा.

या आजाराआधीच्या जुलाबांमागे पुष्कळदा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू असतो. कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून, न तापवलेल्या दुधातून पोटात जाणारा. त्याच्या काही जातींच्या बाह्य आवरणातल्या शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या जीएम१ नावाच्या घटकासारख्या असतात. जंतूवर सोडलेल्या अँटिबॉडी तिथे जाऊन चिकटतात. जुलाब बहुधा आपोआप थांबतात, आणि ते थांबेपर्यंत अँटिबॉडी बनायला सुरुवात झालेली असते. नंतर अँटिबायोटिक देऊन त्या परत बोलावता येत नाहीत. म्हणूनच उपचारही जंतूवर नसतो : शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी), नाहीतर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं. नुसत्या स्टिरॉइडने फायदा होत नाही हे चाचण्यांमधून सिद्ध झालं आहे, तरी नातेवाईक ते मागतातच.

आता कुटुंबातल्या इतरांनी जुलाबाला भिऊन राहू नये. या जंतूचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांत एकालाच हा आजार होतो. भावाची ताकद परत यायला महिने लागतील, काहींना वर्षही लागतं. फिजिओथेरपी सोडू नका.

जाता जाता एक : १९१६ साली दोन सैनिकांवरून या आजाराचं वर्णन करणारे डॉक्टर तिघं होते. गियाँ आणि बारे नावाने उरले, तिसऱ्या स्ट्रोलला लोक विसरले.

प्रश्न : वय २६. लघवीला जळजळ होती, गेली. मग डोळे लाल, मग एक गुडघा आणि टाच सुजली. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलं. धाकट्या भावाचीही तपासणी करू का?

उत्तर : भावाला काही त्रास नसेल तर नको. हा जनुक असलेल्या बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. रिपोर्ट मात्र कायमचा डोक्यात बसतो.

तुमची लक्षणं ज्या क्रमाने आली त्यावरून रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस, म्हणजे संसर्गानंतर येणारी सांध्यांची सूज, वाटतो. तो आमांशानंतर होतो, तसाच क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून येणाऱ्या जंतूनंतरही होतो. जळजळीचं तुम्ही मला लिहिलंत, पण हाडांच्या डॉक्टरांना सांगितलंत का? बहुतेक जण सांगत नाहीत, कारण गुडघ्याचा त्याच्याशी काय संबंध असं वाटतं. सांगा, आणि क्लॅमिडियाची तपासणी करून घ्या. निघाला तर अँटिबायोटिक तुम्हालाही हवं आणि जोडीदारालाही. त्याने गुडघा लगेच उतरणार नाही, त्याला सूज कमी करणारी वेगळी औषधं लागतात. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो. लाल डोळा दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो संधिवात) आहे. हिरड्यांतल्या जंतूंमुळे तो होतो असं वाचलं. सगळे दात काढून टाकले तर गोळ्या सुटतील का?

उत्तर : नाही. दात राहू द्या.

वाचलंत ते अगदीच खोटं नाही. हिरड्यांच्या जुनाट आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू एक एन्झाइम बनवतो. ते प्रथिनांची रचना जराशी बदलतं, आणि अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी तुमच्या अँटी-सीसीपी या रक्ततपासणीत मोजतात. सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून त्या रक्तात असू शकतात. म्हणून हिरड्यांवर संशय आहे, पण गुन्हा शाबित झालेला नाही. धूम्रपानाविरुद्धचा पुरावा याहून भक्कम आहे. ओढत असाल तर आधी ते सोडा. हिरड्यांवर दातांच्या डॉक्टरांकडून उपचार घ्या, ते तसेही हवेतच. मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजाराची नेहमीची गोळी, मनाने बंद करू नका.

प्रश्न : अंग दुखतं म्हणून तपासण्या केल्या, एएसओ (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या अँटिबॉडीचा रक्तातला आकडा) वाढलेला निघाला. कुणी म्हणतं पेनिसिलिन सुरू करा. वय ३८.

उत्तर : करू नका. एएसओ वाढलेला म्हणजे गेल्या काही महिन्यांत कधीतरी स्ट्रेप्टोकॉकस येऊन गेला, एवढंच. ऱ्हुमॅटिक फीवरची इतर लक्षणं नसताना त्या आकड्यावर उपचार करायचे नसतात. अंग दुखण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व पाहिलं का?

पेनिसिलिनची खरी वेळ घसा दुखत असतानाची. खोकला, नाक गळणं, आवाज बसणं असेल तर बहुधा विषाणू असतो, अँटिबायोटिक नको. खोकला नाही, ताप आहे, गिळताना दुखतं, गळ्याच्या गाठी सुजल्या आहेत, आणि रुग्ण पाच ते पंधरा वयाचा, तर घशाची तपासणी करून घ्या. स्ट्रेप्टोकॉकस निघाला तर दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी ऱ्हुमॅटिक फीवर टळू शकतो. पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या तर त्या दहा दिवस घ्यायच्या, घसा तिसऱ्याच दिवशी मोकळा झाला तरी.