डिस्क जाणार हे खरं, पण प्लेयर आधी जाणार

प्रश्न: नमस्कार. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरात शिफ्ट व्हायचंय. सिनेमांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडींची दोन मोठी खोकी आहेत. मुलगा म्हणतो बाबा आता सगळं मोबाइलवर मिळतं, डिस्कचा जमाना संपला, रद्दीवाल्याला देऊन टाका. खरंच संपला का? पुढे सगळं डाउनलोडच होणार का?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: काका, मुलाचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. नवीन सिनेमा आला की दुकानातनं त्याची डिस्क आणायची हा प्रकार आपल्याकडे जवळजवळ संपलाय आणि तो परत येईल असं मला अजिबात वाटत नाही. पण नवीन मिळत नाहीत म्हणून घरातल्या जुन्या टाकायच्या, हे मात्र नका करू, निदान खोकी उघडून एकदा निवड केल्याशिवाय तरी नकोच.

आधी हे झालं कसं ते बघा. व्हीसीडी हे १९९३ चं तंत्र, एका सीडीवर जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून हिंदी सिनेमा दोन नाहीतर तीन डिस्कवर यायचा, ऐन मारामारीत उठून डिस्क बदलायची, आणि चित्र फक्त ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, त्यामुळे आजच्या मोठ्या टीव्हीवर ते धुरकट दिसणारच. डीव्हीडी जपानमधे १९९६ ला आली, एका थरात ४.७ जीबी, अख्खा सिनेमा एका डिस्कवर. पण आपल्याकडे ती बरीच वर्षं महाग होती, लोक व्हीसीडीला धरून राहिले नाहीतर स्टेशनबाहेरच्या पायरेटेड डिस्क घेत राहिले, आणि मग २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली तेव्हा कुठे ओरिजिनल डिस्क मध्यमवर्गीय घरात ढिगाने यायला लागली. तुमच्या खोक्यातल्या बऱ्याचशा त्याच काळातल्या असणार. पुढे २०१६ मधे जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरमधे जिओ आलं, डेटा एवढा स्वस्त झाला की भाड्याने सीडी देणाऱ्या दुकानांना करायला काही उरलंच नाही. मोझर बेअर २०१८ ला लिक्विडेशनमधे गेली, म्हणजे देणी फेडायला विक्रीला निघाली. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, नेटफ्लिक्सचा मूळ धंदाच अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी पाठवायचा होता, १९९८ ला सुरू झालेला, तो त्यांनी २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डीव्हीडी पाठवून बंद केला. तिथल्या बेस्ट बाय या मोठ्या दुकानांनी २०२४ मधे सिनेमांच्या डिस्क ठेवणंच थांबवलं.

म्हणजे डिस्क जाणार, प्रश्नच नाही. पण माझं म्हणणं असं की डिस्कच्या आधी प्लेयर जाणार आणि खरी अडचण तिथे आहे. सॅमसंगने २०१९ मधेच अमेरिकेसाठी नवीन ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) प्लेयर काढणं थांबवलं, २०२४ च्या शेवटी एलजीही बाहेर पडली. नवीन लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. नवीन टीव्हीला मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागा बहुतेक नसतेच. डिस्क नीट ठेवली तर अजून वीस वर्षं टिकेल हो, पण लावणार कशात? म्हणून शिफ्टिंगमधे डिस्क जपून ठेवल्या आणि 'हा जुना डबा कशाला' म्हणून प्लेयर भंगारात दिला असं करू नका. प्लेयर आणि त्याचा रिमोट आधी पॅक करा, काही प्लेयरमधे सेटिंगचा मेनू रिमोटशिवाय उघडतच नाही. टीव्ही नवीन असेल तर एव्ही (त्या तीन रंगी पिना) टू एचडीएमआय (नवीन टीव्हीची चपटी पिन) कन्व्हर्टर मिळतो, छोटीशी डबी असते, लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल आणि ऑनलाइनही. घेताना 'एव्ही टू एचडीएमआय' असंच सांगून घ्या, त्याच्या उलट दिशेचाही मिळतो, तो आपल्या कामाचा नाही.

आता निवड. गाजलेले हिंदी सिनेमे कुठल्या ना कुठल्या अॅपवर किंवा यूट्यूबवर बहुतेक सापडतात आणि तिथलं प्रिंट तुमच्या व्हीसीडीपेक्षा चांगलंच असतं, त्या खुशाल काढा. पण मराठी नाटकांच्या व्हीसीडी, लहान कंपन्यांनी काढलेले मराठी सिनेमे, एकपात्री, कीर्तन, लोककलेचे कार्यक्रम, यातलं बरंच कुठल्याही अॅपवर नाहीये. कारण साधं आहे, ज्याने व्हीसीडी काढली त्याच्याकडे अनेकदा फक्त व्हीसीडी-डीव्हीडी विकायचेच हक्क असायचे, इंटरनेटचे हक्क त्या करारात लिहिलेलेच नसायचे, आता ती कंपनी बंद, निर्माते वयस्कर किंवा राहिलेले नाहीत, सही कोण करणार आणि कोणासाठी करणार, एवढे पैसेच त्यात नाहीत. अॅपवाले मागणी बघतात. एखाद्या नाटकाचा मूळ नटसंच बघायला वर्षाला शंभर लोक आले तर त्यासाठी कोणी वकील बसवत नाही. मला हे मनापासून वाईट वाटतं, आपल्या रंगभूमीचा एवढा मोठा ठेवा लोकांच्या कपाटातल्या दोन डिस्कच्या डबीत पडून आहे आणि शिफ्टिंगच्या घाईत रोज थोडा थोडा रद्दीत जातोय. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमे जपतंय, पण प्रत्येक नाटकाची व्हीसीडी तिथे पोचलेली असेल असं समजून बसू नका.

जागेचा प्रश्न असेल तर डबे टाका, डिस्क स्लीव्हच्या फोल्डरमधे भरा आणि डब्यावरचा कागद मात्र ठेवा, कलाकारांची नावं, वर्ष, निर्माता हे सगळं त्या कागदावरच असतं. नवीन घरात हे फोल्डर स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर नकोत, तिथे उष्णता चढते, आणि आपल्या पावसाळ्यात डिस्कवर बुरशीची पांढरी जाळी धरते ती तर बहुतेकांनी पाहिलीच असेल. सिलिका जेलच्या पुड्या टाका. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही, कारण माहितीची रेघ गोल फिरत जाते, त्या दिशेने चरा पडला की सलग माहिती जाते आणि प्लेयर अडकतो, आडवा बारीक चरा मात्र तो भरून काढतो. आणि व्हीसीडीची छापील बाजू जास्त जपा. सगळे चमकणारी बाजू जपतात, पण सीडीत माहितीचा थर वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो, वरनं खरवडलं गेलं तर संपलंच. डीव्हीडीत तो दोन पातळ चकत्यांच्या मधोमध चिकटवलेला असतो, तिला तेवढी भीती नाही.

प्रश्न: मी एका अॅपवर एक सिनेमा भाड्याने नाही, चक्क 'बाय' करून घेतला होता. मागच्या आठवड्यात बघायला गेले तर उपलब्ध नाही असं येतंय. कस्टमर केअरचा एकच ठरावीक रिप्लाय. विकत घेतलेली वस्तू अशी कशी जाते?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ताई, तुम्ही पैसे दिले ते सिनेमा बघायच्या परवानगीचे होते. अटी-शर्तींमधे ते लिहिलेलं असतं, पण बटणावर 'बाय' असतं, आणि माझ्या मते ही सरळ सरळ फसगत आहे. कॅलिफोर्नियाने यासाठी कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ही मालकी नाही, लायसन्स आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही असं व्हायला हवं.

तुमच्यासारखं आधीही झालंय. हॉलीवूडच्या स्टुडिओंनी मिळून २०११ मधे अल्ट्राव्हायोलेट नावाची डिजिटल लायब्ररी काढली होती, एकदा घ्या आणि कुठेही बघा म्हणून, ती ३१ जुलै २०१९ ला बंद झाली. डिसेंबर २०२३ मधे प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकणार असं सोनीने जाहीर केलं, लोक भडकले आणि मग निर्णय फिरवला, पण फिरवला तोही नवीन करार झाला म्हणून.

अॅपमधल्या 'डाउनलोड'वरही विसंबून राहू नका. ती फाइल लॉक केलेली असते, त्याच अॅपमधे उघडते, मधे मधे सर्व्हरला विचारते की अजून चालेल का, आणि उत्तर नाही आलं की डाउनलोड असूनही लागत नाही. तुमच्या घराजवळच ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात ती मोठी बिनखिडक्यांची डेटा सेंटरं उभी राहिलीत ना, सिनेमा असतो तो अशा ठिकाणी, आपल्या फोनमधे असते ती मुदतीची प्रत.

तुम्ही आत्ता काय करायचं, तर पैसे भरल्याची पावती किंवा ईमेल शोधा, 'उपलब्ध नाही' चा स्क्रीनशॉट काढा, रिफंड लेखी मागा आणि नाहीच दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. रक्कम छोटी आहे म्हणून सोडू नका.

प्रश्न: दादा, आमच्या लग्नाची डीव्हीडी अर्ध्यावर अडकते, फोटोग्राफरकडे आता काहीच नाही. काही होऊ शकतं का? २००९ चं लग्न आहे.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: होऊ शकतं, पण आता उशीर करू नका. दुकानातली सिनेमाची डिस्क साच्यातनं छापलेली असते. फोटोग्राफरने दिलेली मात्र लेझरने 'बर्न' केलेली, तिच्यात रंगाचा एक सेंद्रिय थर असतो आणि तोच ऊन, उष्णता, दमट हवा यांनी बिघडत जातो. खालून जांभळट-निळसर दिसते ती हीच. म्हणून घरात जे काही वाचवायचंय त्यात पहिला नंबर लग्न, मुंज, बारसं, आजी-आजोबांचे व्हिडिओ यांचा, सिनेमे नंतर.

बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या, पुसून डिस्क घाला आणि प्ले करत बसू नका, सरळ कॉपी करा. आत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसेल, ते अख्खं हार्ड डिस्कवर ओढा. त्यातल्या व्हीओबी फाइली, प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या, म्हणजेच तुमचं लग्न, व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेयरमधे थेट चालतात. एखादी फाइल अडकली तर बाकीच्या एकेक करून काढून घ्या. मग तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमधे घालून बघा, एकाला न वाचता आलेलं दुसऱ्याला वाचता येतं हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. ओळखीत कोणाकडे जुना डेस्कटॉप असेल तर त्याचा ड्राइव्ह बरेचदा जास्त चांगला निघतो. त्यानेही नाही झालं तर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते खराब जागा सोडून आधी चांगला भाग काढतं आणि मग खराब जागेवर परत परत प्रयत्न करतं, त्याला अख्खी रात्र लागू शकते. डिस्क कॅमेऱ्यातच रेकॉर्ड केलेली छोटी असेल आणि कुठेच दिसत नसेल तर ती फायनलाइझ केलेली नसेल, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर इतर मशीनमधे चालण्यासाठी तयार केलेली नसेल, त्यासाठी तोच कॅमेरा किंवा त्या कंपनीचा दुसरा मिळाला तर शोधा.

कॉपी झाली की दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक माहेरी किंवा भावाकडे. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला. हे सगळं घरच्या व्हिडिओंसाठी सांगतोय, दुकानातल्या डीव्हीडीवर बहुतेक कॉपीचं लॉक असतं आणि तिथे कॉपीराइट कायदा आड येतो, त्या प्लेयरवरच बघा.

प्रश्न: मोठा टीव्ही आणि होम थिएटर घेतलंय. आता ब्लू-रे प्लेयर घेण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, खारघर

उत्तर: सिनेमा परत परत बघणारे असाल तर आहे. फोर-के स्ट्रीमिंगला नेटफ्लिक्स साधारण १५ एमबीपीएसचं (सेकंदाला १५ मेगाबिट) नेट मागतं, साध्या ब्लू-रेवर नुसतं चित्रच ४० एमबीपीएसपर्यंत जातं आणि फोर-के डिस्क शंभरच्याही वर. फरक अंधाऱ्या सीनमधे, धुक्यात, पावसात दिसतो, स्ट्रीमिंगमधे तिथे पट्टे आणि चौकोन येतात. आवाजात तर जास्तच कळतो. पण मराठी सिनेमे ब्लू-रेवर मिळणं जवळपास अशक्य, हिंदीही मोजकेच, त्यामुळे बहुतेक खरेदी बाहेरून मागवून होईल. मागवताना रीजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल त्याची खूण, साध्या ब्लू-रेला भारत सी रीजनमधे येतो, अमेरिकेची ए रीजनची डिस्क इथल्या प्लेयरवर चालणार नाही. फोर-के डिस्कला रीजनची भानगडच नाही. प्लेयर घेणार असाल तर सर्व्हिस देणारी कंपनी आहे तोवर याच वर्षी घ्या.