क्यूबावरचे निर्बंध आणि आमच्या कोठीतले गहू

तुम्ही विचारलंय की क्यूबावर अमेरिकेचे निर्बंध साठ वर्षांहून जास्त काळ आहेत, तर इंदूरला बसून एकजुटीच्या सभा घेतल्याने तिथल्या माणसाच्या ताटात काय पडतं?

१९९२ साली गहू पडले. आदल्याच वर्षी सोव्हिएत संघ मोडला होता आणि तिथून क्यूबाला येणारं तेल, धान्य सगळं आटलं होतं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने आपल्याकडून १०,००० टन गहू पाठवायचं ठरलं. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात आमच्याही गल्लीत मंडळी पोती घेऊन फिरली. बाबांची मिल बंद पडली होती, थकलेल्या पगाराचा पत्ता नव्हता. आईने कोठीचं झाकण काढलं, चार-पाच किलो गहू परातीत ओतले आणि त्यातली कडुलिंबाची वाळकी पानं एकेक करून वेचली. "तिकडे कोण निवडत बसेल!" एवढंच म्हणाली. क्यूबाची वस्ती तेव्हा एक कोटीच्या थोडी वर होती, म्हणजे माणशी किलोभरही गहू नव्हते. तरी क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो त्या गव्हाला 'भारताचा ब्रेड' म्हणाले.

आता मी पीथमपूरला एका औषध कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते, म्हणून दुसरी बाजूही रोज दिसते. निर्बंध म्हणजे नुसती अमेरिकेने केलेली व्यापारबंदी असती, तर क्यूबाने बाकीच्या जगाकडून माल घेतला असता. पण १९९२च्याच एका अमेरिकी कायद्याप्रमाणे क्यूबाच्या बंदरात व्यापारासाठी गेलेल्या जहाजाला पुढे १८० दिवस अमेरिकेत माल चढवता-उतरवता येत नाही. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्यूबाचे व्यवहार केल्याबद्दल सुमारे ९०० कोटी डॉलरचा दंड बसला. तेव्हापासून बँका आणखीच धसकल्या आहेत. आमच्या एका खेपेत साधी प्रतिजैविकं होती, कागद सगळे चोख होते, तरी देशाचं नाव वाचून बँकेने फाइल परत केली. कारण लेखी दिलं नाही, फोनवर म्हणाले, "मॅडम, रिस्क कोण घेणार?" औषधावर बंदी नसतानाही औषध पोचत नाही ते असं. मला याची फार चीड येते.

म्हणूनच एकजुटीचं मोल आहे. हे सगळं धाकावर चालतं आणि न घाबरणारा एकेक माणूस तो धाक कमी करतो. २०२१ मध्ये क्यूबाने कोविडची स्वतःची लस बनवली, पण सिरिंज पुरेनात. तेव्हा कितीतरी देशांतल्या साध्या माणसांनी वर्गणी काढून लाखो सिरिंज पाठवल्या. त्याआधी, २०२० मध्ये, क्यूबाचेच डॉक्टर इटलीतल्या क्रेमा गावी रुग्ण बघायला गेले होते.

तिथल्या सरकारचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. २०२१च्या जुलैत सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांना तुरुंगात टाकलं, ते चूकच. पण त्याची शिक्षा डायलिसिसवरच्या म्हाताऱ्याला कशाला?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून जवळजवळ दरवर्षी निर्बंध उठवण्याचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर होतो, भारतही बाजूने मत देतो. तो पाळायची सक्ती कुणावरच नाही.

तुमच्या सभेत वर्गणी निघाली, तर रोख पाठवायच्या भानगडीत पडू नका, पैसे वाटेत अडकतात. आधी तिथल्या इस्पितळाला काय हवंय ते त्यांच्या दिल्लीच्या दूतावासात विचारा आणि वस्तूच घ्या. औषधं असतील तर मुदत निदान दीड वर्ष उरलेली बघा, जहाजाला फार वेळ लागतो.