४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का, आणि संगणकाशिवाय ते ठरवता येते का?

नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. आपली संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच साच्यातल्या, म्हणजे २ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळवलेल्या, ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ असल्यामुळे पुढच्याही सगळ्या मूळच असतील, असे सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्मा याला वाटत होते. गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ही सहावी संख्या फोडून तो समज खोटा ठरवला.

संगणकाविषयी मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे. मी वडोदऱ्यात गणिताच्या शिकवण्या घेतो, आणि प्रोग्रॅमिंगच्या नोकरीत असलेले माझे भाऊजी दर दिवाळीला मला ऐकवत आले आहेत की, यंत्र जे क्षणात सांगते ते मुलांकडून हाताने करवून घेणे म्हणजे त्यांचा वेळ फुकट घालवणे. एका भाऊबिजेला, दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी, मी हीच संख्या त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लगेच प्रोग्रॅम लिहिला: १ ला बत्तीस वेळा दुप्पट करायचे, त्यात १ मिळवायचा आणि विभाजक शोधायचे. पडद्यावर उत्तर आले की संख्या १ आहे. प्रोग्रॅमने संख्येसाठी घेतलेल्या ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या, जागेत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात आणि त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, हे त्यांना ठाऊक होते. पण उत्तर काय यायला हवे याचा अंदाजच नसेल, तर चूक झाली हे कळणार कसे?

ताईने ताट वाढेपर्यंत मी वहीच्या पानावर पुढील मांडणी करून दाखवली. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, आणि ६४१ ने भागताना त्याची बाकी उणे १ धरता येते. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची, म्हणजेच ६२५ गुणिले २ चा २८ वा घात या गुणाकाराची, बाकी १ आहे. आता ६२५ म्हणजे ६४१ उणे १६, तेव्हा ६२५ च्या जागी उणे १६, अर्थात २ चा ४ था घात उणे चिन्हासह, ठेवावा. मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते, आणि त्यात १ मिळवला की शून्य. येथे मोठा भागाकार करावाच लागत नाही.

६४१ सापडतो कसा? या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असतो, हेही ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच तपासावे लागतात.

विभाजक लहान निघाला म्हणून हे हाताने जमले, हे मान्य. मोठी जागा घेतली असती तर प्रोग्रॅम बरोबर चालला असता, हे भाऊजींचे म्हणणेही खरे आहे. पण ६४ बिटांच्या जागेत याच साच्यातली पुढची संख्या, २ चा ६४ वा घात अधिक १, पुन्हा १ च होते. आणि तिचा २,७४,१७७ हा विभाजक फ्रेंच गणिती लँड्रीने १८८० मध्ये, संगणक नसतानाच, शोधला होता.