मीठ टाकल्यानंतरची पहिली मिनिटं

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू मिठाच्या ताणात कसा तगतो, हा विषय तू निवडलास याचा मनापासून आनंद झाला. आराखडा मात्र बदल. 'मीठ घालून चोवीस तासांनी वाढ मोजणे' एवढ्याने भागणार नाही, कारण महत्त्वाच्या हालचाली पहिल्या काही मिनिटांतच होतात.

मीठ घातल्याबरोबर स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा (द्रावणाचा गढूळपणा मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा चढेल. ती वाढ समजू नकोस. पाणी गमावून आक्रसलेल्या पेशी प्रकाश जास्त विखुरतात, एवढंच. त्याच वेळी टीआरके हा वाहक (पेशीच्या पटलातलं, म्हणजे पातळ आवरणातलं, पदार्थ आत नेणारं प्रथिन) पोटॅशियम भराभर आत ओढत असतो आणि त्याचा धनभार तोलायला पेशी ऋणभाराचं ग्लुटामेट साठवते. पण पोटॅशियम फार साचलं तर प्रथिनांच्या कामात अडथळा येतो. म्हणून मग प्रोपी आणि प्रोयू हे वाहक बाहेरून प्रोलीन आणि ग्लायसिन बीटेन आणतात. हे रेणू भरपूर साठले तरी प्रथिनांना बाधत नाहीत. ते मिळाले की पेशी जादा पोटॅशियम सोडून देते. न मिळाले तर ट्रेहॅलोज ही साखर स्वतः बनवते. प्रोयू एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून चालतो, प्रोपी प्रोटॉनच्या ओढीवर. प्रोपीचं मला विशेष कौतुक आहे. शुद्ध करून कृत्रिम पटलात बसवला तरी तो ताण ओळखतो, वेगळा संवेदक लागतच नाही.

आता माध्यमाचं. एलबी हे जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम अजिबात वापरू नकोस. त्यातल्या यीस्टच्या अर्कात बीटेन असतं, म्हणजे तुझ्या पेशींना नकळत मदत मिळत राहील. एम9 हे मोजक्या, ठरावीक घटकांचं माध्यम घे, एका फ्लास्कमध्ये 1 मिलिमोलर बीटेन घाल, दुसऱ्यात नको. मिठाइतकाच परासरण दाब (पेशीतलं पाणी बाहेर ओढणारा जोर) देणाऱ्या साखरेच्या द्रावणाचा फ्लास्कही ठेव, नाहीतर परिणाम सोडियमचा की पाणी कमी झाल्याचा, हे सांगता येणार नाही. ग्लिसरॉल चालणार नाही, ते पटलातून आत शिरतं.

आणि उलटी बाजू सोडू नकोस. खारट माध्यमातल्या पेशी एकदम पातळ माध्यमात टाकल्या की पाणी आत घुसतं, दाब चढतो आणि पटल ताणलं जातं. त्या ताणानेच एमएससीएस आणि एमएससीएल या वाहिन्या काही मिलिसेकंदांत उघडतात. एमएससीएलचं छिद्र जवळजवळ 3 नॅनोमीटर रुंद होतं आणि कष्टाने साठवलेलं पोटॅशियम, बीटेन भसाभस बाहेर जातं. अ‍ॅबर्डीनच्या इयन बूथ यांच्या संशोधक गटाने 1999 मध्ये दाखवलं की दोन्ही वाहिन्या नसलेल्या पेशी अशा वेळी फुटून मरतात. दोहोंपैकी एक असली तरी तगतात.

तुझ्या प्रयोगाचा कणा हाच असावा, असं मला वाटतं. दोन्ही वाहिन्यांची जनुकं काढलेला तो दुहेरी उत्परिवर्ती वाण मागवायला वेळ लागतो, तेव्हा मागणीपत्र याच आठवड्यात माझ्याकडे सहीला आण.

तुझी,
मॅडम